गावातल्या नेटवाल्याचा 'फ्री शेती पॅक' : हे नियमात बसतं का? आणि गावपातळीवर मोहीम कशी करायची?

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण नेटवाला गावातलाच आहे आणि रोज तोंड बघायचंय एकमेकांचं.

तर झालंय असं की आमच्याकडे फायबरवालं नेट एकाच माणसाकडून मिळतं, दुसरा कोणी नाहीच. दोन महिन्यांपूर्वी त्यानं एक स्वस्तातला पॅक काढला, नाव शेती पॅक. त्यात एक ठरावीक शेतीचं अ‍ॅप आणि दोन व्हिडिओ अ‍ॅप कितीही चालवा, मोजदाद नाही. बाकी सगळ्या नेटला रोजचा अर्धा जीबी आणि तो संपला की चाक फिरत बसतं. साध्या प्लॅनपेक्षा निम्म्याहून कमी पैसे, म्हणून अर्ध्या गावानं घेतला, आमच्या काकांनी पण घेतला.

आता ते शेतीचं अ‍ॅप केळीचे भाव दाखवतं आणि त्याच अ‍ॅपवर खतं औषधं पण विकतं. आमच्या बाजूच्या गावातला एक मित्र चार वर्षांपासून स्वतःच्या खर्चानं एक छोटी साइट चालवतो, रोज सकाळी बुऱ्हाणपूरचा बोर्ड (तिथल्या बाजाराचा त्या दिवशी जाहीर झालेला केळीचा भाव) काय निघाला, रावेरला काय, नवती काय पिलबाग काय वापसी काय (हे केळीच्या मालाचे प्रकार), सगळं टाकतो. व्यापारी बागेत यायच्या आधी लोक ते बघून बसायचे म्हणजे बोलणीला जोर असायचा. आता पॅकवाले लोक त्याची साइट उघडतच नाहीत, कारण तिथं जीबी जातो आणि अ‍ॅप फुकट आहे. मागच्या पंधरवड्यात त्या अ‍ॅपवर नवतीचा भाव बोर्डापेक्षा शंभर-सव्वाशे रुपये क्विंटलनं कमी दिसत होता सलग चार दिवस. मुद्दाम केलं का चुकून झालं मला माहिती नाही, आरोप करत नाही. पण काकांनी त्याच भावावर माल कापून दिला हे खरं आहे, आणि त्यांचा वर्षाचा कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) होता तो.

मी गावात बोललो तर म्हणतात फुकट देऊन राहिला तर तुझ्या पोटात काय दुखतं. मला नीट उत्तर देता आलं नाही. २०१५ ला नेट न्यूट्रॅलिटी म्हणून मोठी मोहीम झाली होती एवढं आठवतंय, मी तेव्हा दहावीत होतो. हे तेच आहे का? कायद्यात बसतं का? आम्ही पाच-सहा पोरं आणि दोन मुली आहोत, काहीतरी करायचंय पण भांडण न करता, नीट. कोणी मार्गदर्शन करा.

नेटवाला_भुसावळ
भाऊ मी बरीच वर्षं ब्रॉडबँडच्या लाइनीत काम केलंय, त्यामुळे जरा लांब लिहितो.

हो, हे तेच आहे. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेटवाल्यानं सगळ्या साइटना सारखंच वागवायचं. आणि तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर नियमात बसत नाही. ट्रायनं (टेलिकॉम कंपन्यांवर नियम घालणारी सरकारी संस्था) ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम काढलेत, डेटाचे भेदभाव करणारे दर लावायला मनाई. साध्या भाषेत, ग्राहक नेटवर काय बघतो यावरून दर कमीजास्त करायचा नाही. एक साइट फुकट आणि दुसरीला पैसे, हेच तर त्यात बंद केलंय. दंड दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख. सूट एकच, पूर-भूकंप असल्या आणीबाणीत दर कमी करता येतो, तेही ट्रायला कळवून. केळीचा भाव काही आणीबाणी नाही.

एक पळवाट लोक सांगतात, ती आधीच ऐकून ठेवा. नेटवाल्याच्या स्वतःच्या बंद नेटवर्कमध्ये जे चालतं, इंटरनेटवर जातच नाही, त्याला हा नियम लागत नाही. तुमचा माणूस कदाचित म्हणेल की हे अ‍ॅप आमच्या आतल्या नेटवर्कवर आहे. तेव्हा तेच अ‍ॅप शेजारच्या गावात मोबाईल डेटावर उघडून दाखवायचं. उघडलं म्हणजे ते इंटरनेटवर आहे, विषय संपला. आणि तसंही नियम चुकवायसाठी बंद नेटवर्कचा आडोसा घेतला तर तो पण चालत नाही, तेही त्याच नियमात लिहिलंय.

पण भाऊ एक गोष्ट सांभाळा. सगळंच हळू चालतं म्हणजे भेदभाव झाला असं नाही. रात्री आठ-नऊला सगळं गाव एकदम नेटवर बसतं, वरून येणारी लाइन तेवढीच, मग चाक फिरणारच. शिवाय मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला कॅश सर्व्हर नेटवाल्याजवळ ठेवतात, म्हणजे व्हिडिओ मुंबईहून न येता जवळूनच येतो, म्हणून तो पटकन चालतो. ते गैर नाही. गैर कधी, तर अर्धा जीबी संपल्यावर तुमच्या मित्राची साइट मुद्दाम अडवायची आणि त्याच मिनिटाला, त्याच लाइनीवर ते अ‍ॅप पूर्ण स्पीडनं सोडायचं. २०१८ ला केंद्रानं लायसन्सच्या अटींमध्येच टाकलंय की कुठलाही मजकूर अडवायचा नाही, हळू करायचा नाही आणि कोणाला खास वेग द्यायचा नाही.

मग करायचं काय. एकाच घरात, एकाच राउटरवर, पहाटे पाचला (तेव्हा गर्दी नसते) अर्धा जीबी संपवायचा आणि दोन्ही उघडून बघायचं, मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्ड करायचं, घड्याळ दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी व्हीपीएन लावून. व्हीपीएन लावलं की नेटवाल्याला कळत नाही तुम्ही काय बघताय, मग जर ते फुकट अ‍ॅप पण जीबी खायला लागलं तर समजायचं की तो आत डोकावून, ओळखून सोडतोय. आणि त्याच्या पॅकचं जे पत्रक असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं चित्र असेल, ते जपून ठेवा, सगळ्यात मोठा पुरावा तोच.

अजून एक. गावातला माणूस बहुतेक वेळा फ्रँचायझी असतो, लायसन्स वरच्या कंपनीचं असतं. बिलावर नाव बघा कोणाचं आहे. जबाबदारी लायसन्सवाल्याची. कित्येकदा वरच्या कंपनीला माहितीच नसतं की खाली पोरानं काय पॅक काढलाय. आधी तिथं तक्रार टाका, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, नाही ऐकलं तर त्याच कंपनीचं अपील असतं, तिथं जा. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत बसत नाही, पण ट्रायचाच नियम मोडलाय हे पुराव्यासकट त्यांना कळवायला कोणी अडवलेलं नाही.

सातपुडा_धडगाव
मी वेगळं बोलतो, राग मानू नका.

मी धडगावच्या वरच्या पाड्यांमध्ये शिक्षक आहे. आमच्याकडे पोरं रेंज शोधत टेकडीवर जातात. ऑनलाइन फॉर्म भरायला माणूस खाली उतरून शहाद्याला जातो, दिवस मोडतो. २०१५ ला फेसबुकचं ते इंटरनेट डॉट ऑर्ग, नंतर त्याचं फ्री बेसिक्स झालं (मोजक्या साइट फुकट, बाकी नेट त्यात नाही), ते आलं होतं तेव्हा मला वाटलं होतं की काहीच नाही त्यापेक्षा थोडं तरी बरं. शहरात बसून पूर्ण इंटरनेट वापरणाऱ्यांनी ठरवलं की गरिबाला अर्धं नको. आमच्या माणसाला कोणी विचारलं का? भुकेल्याला आधी भाकरी द्या, ती कळण्याची का ज्वारीची ते नंतर बघू.

नंदुरबार जिल्ह्यातलंच टेंभली, देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला तिथं दिलं गेलं. डिजिटलची सुरुवात आमच्या जिल्ह्यातून झाली म्हणतात. आणि आज माझ्या वर्गातल्या मुलाला एक व्हिडिओ बघायला डोंगर चढावा लागतो. म्हणून विचारतोय, ही मोहीम आमच्या कामाची आहे का?

ताई_अमळनेर
सर, तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि ते टाळून पुढे जाणार नाही. २०१५ ला मी जळगावला शिकत होते आणि त्या मोहिमेत मी मेल पाठवला होता, मैत्रिणींना पण बसवून पाठवायला लावला होता. त्यामुळे आधी काय झालं होतं ते सांगते.

२०१४ च्या डिसेंबरात एअरटेलनं जाहीर केलं की नेटवरून कॉल करायचे असतील, स्काइप-व्हायबर वगैरे, तर वेगळे पैसे. ओरड झाली, मागे घेतलं. मग २७ मार्च २०१५ ला ट्रायनं एक पेपर काढला, ११८ पानं, २० प्रश्न, लोकांनी मत द्यायची मुदत २४ एप्रिल. आता ११८ पानं इंग्रजीतली, कोण वाचणार? पण काही वकील, प्रोग्रॅमर, पत्रकार मंडळींनी ती वाचली, वीसही प्रश्नांची उत्तरं तयार केली आणि सेव्ह द इंटरनेट नावाची साइट केली की जिथून एका क्लिकवर मेल जायचा. कॉमेडीवाल्या पोरांनी सोप्या भाषेत व्हिडिओ केला, तो हॉस्टेलमध्ये आम्ही एकाच फोनवर सहा जणींनी बघितला. दहा लाखांवर मेल गेले. त्याच सुमाराला एअरटेल झिरो आलं होतं, म्हणजे कंपनीनं पैसे भरायचे आणि ग्राहकाला तिचं अ‍ॅप फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, लोकांचा राग बघून १४ एप्रिलला बाहेर पडलं. मला तो दिवस आठवतो, आपण जळगावच्या खोलीत बसून केलेल्या गोष्टीचा काहीतरी परिणाम झाला असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं.

दुसरी फेरी डिसेंबर २०१५ ला. ट्रायनं फक्त दरातल्या भेदभावावर वेगळा पेपर काढला. यावेळी समोर फेसबुक होतं, पानभर जाहिराती, होर्डिंग, आणि फेसबुक उघडलं की लगेच विचारायचं, फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या. ट्रायकडे एकूण २४ लाखांच्या आसपास प्रतिक्रिया गेल्या, त्यातल्या बहुतेक फ्री बेसिक्सच्या बाजूच्या, एकाच साच्यातल्या. म्हणजे मोजदाद केली असती तर आपण हरलो होतो! पण ट्रायनं विचारलेल्या प्रश्नांना त्यात उत्तरच नव्हतं, आणि ट्रायनं ते तसं लिहूनही टाकलं. निकाल डोकी मोजून लागला नाही, मुद्द्यावर लागला. ८ फेब्रुवारीला नियम आला आणि तीन दिवसांत फेसबुकनं फ्री बेसिक्स भारतात बंद केलं.

आता सर तुमचा प्रश्न. फ्री बेसिक्स आलं असतं तरी तुमच्या टेकडीवर टॉवर आला नसता. ते ज्या एका कंपनीच्या सिमवर चालायचं तिची रेंज जिथं, तिथंच ते फुकट. २०१६ च्याच सप्टेंबरात जिओ आलं आणि सगळ्याच कंपन्यांचा डेटा धडाधड स्वस्त झाला, पूर्ण इंटरनेट, तुकडा नाही. म्हणजे स्वस्त करायचं तर स्पर्धेतून होतं, कोणीतरी आपल्यासाठी दहा साइट निवडून देऊन नाही. भाकरीचं म्हणाल तर मला उलटं दिसतं, भाकरी फुकट देतो पण आयुष्यभर माझ्याच दुकानातून घ्यायची, अशी अट होती ती. केळीबागच्या काकांचं तेच झालंय ना.

टॉवरचं दुखणं खरं आहे आणि त्याला पैसा पण आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के हिस्सा खेड्यापाड्यांत सेवा पोचवायच्या निधीत जातो, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. आपल्या मोहिमेत दोन मागण्या हव्यात असं माझं मत, जिथं नेट आहे तिथं भेदभाव नको आणि जिथं नाही तिथं या निधीतून टॉवर द्या. पाड्यांची नावं तुम्ही काढून द्या सर, पत्र आम्ही लिहितो. शहरवाल्यांनी विचारलं नाही म्हणालात, ते खरं आहे, आता तरी सोबत लिहू.

भडगाव_वाचक
ताई एक शंका. २०१५ ला आपल्या बाजूचे पण तयार मेलच होते ना? मग फेसबुकचा साचा वाईट आणि आपला चांगला कसा?

ताई_अमळनेर
बरोबर पकडलंत. तयारच होते, मी स्वतः एक अक्षर न बदलता पाठवला होता. फरक एवढाच की त्यात वीस प्रश्नांची उत्तरं होती, नुसतं पाठिंबा-पाठिंबा नव्हतं. पण आज परत करायचं झालं तर मी तयार मेल पाठवणार नाही. यावलच्या शेतकऱ्यानं स्वतःच्या शब्दात लिहिलेलं एक पान, भावाच्या स्क्रीनशॉटसकट, हजार फॉरवर्डपेक्षा जड आहे. मराठीत लिहा, चूकभूल असू द्या.

आणि सगळ्यांना एक सावधगिरी, एप्रिल २०१५ मध्ये ट्रायनं आलेले मेल पाठवणाऱ्यांच्या मेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले होते, लाखो लोकांचे. तेव्हा पत्रात आधार नंबर, मोबाईल, सातबारा असलं काही टाकू नका.

अहिरानी_व्हिडिओ_धुळे
राम राम भो. ताईनं बोलनं एकदम खरं शे.

मी पुढचं मराठीतच लिहितो सगळ्यांना कळावं म्हणून (यावल-रावेरकडचे लेवा बोलीवाले, त्यांना आमची अहिराणी सगळीच लागत नाही, आम्हाला त्यांची लागत नाही, तरी खान्देश एकच). मी आणि माझा चुलतभाऊ अहिराणीत छोटे व्हिडिओ करतो. शेतात, ओट्यावर, बैलांजवळ, जिथं मिळेल तिथं शूटिंग. आमच्या भाषेला कुठलं टीव्ही चॅनल नाही. आम्हाला कोणी परवानगी विचारायला लावली नाही, कोणाला पैसे द्यावे लागले नाही, फोन घेतला आणि टाकलं, आणि सुरतला कामाला गेलेले आपले लोक रात्री खोलीवर ते बघतात, रडतात, फोन करतात. हे उघड्या इंटरनेटमुळे झालं. २०१५ ला जर गाडी त्या वाटेनं गेली असती की पैसेवाल्याचं अ‍ॅप फुकट आणि बाकीच्यांना मीटर, तर साक्री तालुक्यातल्या दोन पोरांचा व्हिडिओ कोणी जीबी खर्चून बघितला असता?

आता मला धास्ती दुसऱ्या गोष्टीची आहे. टेलिकॉम कंपन्या काही वर्षं झाली मागणी करताहेत की ज्या अ‍ॅपवरून जास्त ट्रॅफिक येतं त्यांनी आम्हाला नेटवर्कचा वाटा द्यावा. २०२३ च्या जुलैत ट्रायनं पेपर काढला त्यात अ‍ॅपवाल्यांवर नियम लावायचे का, हे परत विचारलं. वरवर वाटतं मोठ्या परदेशी कंपन्यांनी दिले पैसे तर आपलं काय गेलं. पण ग्राहक डेटाचे पैसे आधीच भरतोय, त्याच्याच मागणीनं व्हिडिओ येतोय, मग त्याच व्हिडिओचे परत दुसऱ्या बाजूनं पैसे कशाचे? दक्षिण कोरियात असला पैसा घेतात, तिथून ट्विच नावाची व्हिडिओ सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच खर्च परवडत नाही सांगून निघून गेली. मोठा भरेल, लहान पळेल, आणि जो भरेल तो वसूल कोणाकडून करणार, आमच्यासारख्याकडूनच.

अमेरिकेत तर बघा, २०१५ ला नियम केला, २०१७ ला काढला, २०२४ ला परत आणला, जानेवारी २०२५ ला कोर्टानं उडवला. आपल्याकडचा नियम टिकून आहे, पण टिकून आहे म्हणून झोपायचं नाही. केळीबाग भाऊ, तुमच्या गावासाठी अहिराणीत दोन मिनिटांचा व्हिडिओ करून देतो, फुकट. तुमच्याकडचा कोणी लेवा बोलीत बोलला तर अजून बरं, माणूस आपल्या बोलीत ऐकतो तेव्हा कान देतो.

सातपुडा_धडगाव
ताई, पाड्यांची यादी करतो. अकरा पाडे माझ्या केंद्रातलेच आहेत. माझं सगळं शंकासमाधान झालं असं नाही, पण दोन मागण्या एकत्र असतील तर मी सही करीन आणि गावातून पण घेईन.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. चार दिवसांत काय झालं ते सांगतो.

भुसावळच्या भाऊंनी सांगितलं तसं तीन पहाटे उठून तपासलं, काकांच्याच घरी. जीबी संपल्यावर मित्राची साइट उघडायला मिनिटाच्या वर, अ‍ॅप दोन सेकंदात. व्हीपीएन लावल्यावर अ‍ॅप पण बसलं. तेच अ‍ॅप फैजपूरला मोबाईल डेटावर मस्त उघडतं, म्हणजे बंद नेटवर्कची सबब गेली. काका आधी चिडले होते की माझ्या घरात काय तपासता, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच घड्याळ धरून उभे राहिले. त्यांनी स्वतःहून चार दिवसांचा बोर्डाचा भाव आणि अ‍ॅपचा भाव वहीत शेजारी शेजारी लिहून काढला, त्या पानाचा फोटो तक्रारीला जोडलाय.

बिलावर वरच्या कंपनीचं नाव मिळालं, तक्रार टाकली, डॉकेट नंबर आला. नेटवाल्याला पण आधी घरी जाऊन सांगितलं, पाठीमागून काही करायचं नाही असं ठरवलं होतं. तो म्हणाला मला पॅक वरून असाच करायला सांगितला, नियम मला माहिती नाही, सगळ्या नेटला सारखा जीबी वाढवून त्याच पैशात देता येतो का ते विचारतो. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

फैजपूरचं एक लिहायचं राहिलं. आमचे आजोबा सांगायचे की १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन फैजपूरला भरलं तेव्हा त्यांचे वडील बैलगाडी घेऊन गेले होते. शुक्रवारी संध्याकाळी तिथंच बसतोय आम्ही, सध्या चौदा जण झालेत. ट्रायला जायचं पत्र मराठीत लिहिलंय, दीड पान. भुसावळच्या भाऊंना आणि ताईंना उद्या पाठवतो, नियमाचं नाव आणि तारीख तेवढी तपासून द्या.

नेटवाला_भुसावळ
पाठवा. आणि पत्रात 'नेट स्लो आहे' हे वाक्य असलं तर काढा, त्याच्याऐवजी तिन्ही पहाटेची वेळ आणि सेकंद लिहा. शुक्रवारी मी पण येतो, यावलवरून पुढे कोणाची गाडी असेल तर सांगा.